दोन खारी, सोललेल्या

फॉर्मवर एक रकाना असतो : मांस, आठवड्यातून किती वेळा, कोणतं.
डेल्मर स्टॅलनेकर, वय एकाहत्तर,
छातीत तीस वर्षांचा कोळसा,
फरशीकडे बघत म्हणतो, "चिकन."
पिट्सबर्गहून आलेली त्याची रॉन्डा
आधी त्याच्याकडे बघते, मग माझ्याकडे,
आणि म्हणते, "चिकनच. बहुतेक."
मी टिक करते.

नंतर पार्किंगमध्ये, रॉन्डा गाडी वळवत असताना
तो ऑक्सिजनचं नळकांडं ओढत माझ्यामागे येतो,
ब्रेडच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी गार
माझ्या हातात कोंबतो.
"ओसरीवरनंच मारल्या. खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.
रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेव.
आणि पोरीला बोलू नकोस."

दोन खारी.
सोलल्यावर केवढ्या लांब दिसतात,
पाण्यात सूर मारल्यासारख्या.
शेपटी नाही. पाठीवर पट्टे नाहीत.
तसे इथल्या खारींना ते कधीच नव्हते,
रामाची बोटं वेस्ट व्हर्जिनियापर्यंत पोचली नाहीत.

पालीच्या शाळेत, सातवीत,
माझ्या बाकावर सुगंधा वाघमारे बसायची,
कातकरवाडीवरून चालत यायची.
भातकापणी झाली की त्यांच्याकडे
बिळात धूर कोंडून उंदीर काढायचे,
शेतातले, आमचंच भात खाऊन गुबगुबीत झालेले.
एकदा तिनं डब्यातून आणला, भाजून,
तांदळाच्या भाकरीवर,
आणि अर्धा माझ्याकडे सरकवला.

मी ओरडले नाही.
माझ्या बाजूनं एवढंच सांगता येईल.
मी बाक बदलला.

आमच्या घरी रविवारी मटण असायचं,
सुके बोंबील, खेकडे,
त्यांच्या नांग्या आम्ही चोखून पांढऱ्या करायचो.
तरी एक रेघ होती,
आणि खडू आमच्या हातात होता.
दुसऱ्या दिवसापासून सुगंधा
डब्याचं झाकण उभं धरून, त्याच्याआड जेवायची.

डेल्मर "चिकन" म्हणाला
तेव्हा मला ते झाकण दिसलं.

ती माझ्यावर खार खाऊन असेल का, ठाऊक नाही.
आठवीत ती आलीच नाही,
आणि का आली नाही हे कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

रात्री कांदा परतला, आलं-लसूण,
पेणहून आलेल्या मसाल्याचा तळाचा चमचा.
कुकरच्या पाच शिट्ट्या. खार म्हातारी असावी, आणखी दोन.
श्रीरंग रोज सकाळी डेकवर खारींसाठी शेंगदाणे ठेवतो.
त्यानं खिडकी उघडली, पंखा लावला,
ताट घेतलं नाही,
पण उठूनही गेला नाही.
"कशी आहे?" त्यानं विचारलं, वासाकडे पाठ करून.
गोडसर. हाडाशी घट्ट.
एका मांडीत घासभरसुद्धा नाही,
म्हणजे खारीचा वाटा खरंच एवढाच असतो तर,
असं काहीतरी मी बोलणार होते,
तेवढ्यात दाताखाली टणक आलं.
छर्रा. ताटाच्या काठावर टाकला, वाजला.

महिन्यानं डेल्मर एकटाच आला.
पुन्हा तोच रकाना.
यादीत गाय, डुक्कर, कोंबडी, मासे,
सगळ्यात खाली "इतर".
त्यावर बोट ठेवलं की एक चौकट उघडते
आणि कर्सर नाव मागत लुकलुकत राहतो.

मी काही विचारलं नाही. तोही गप्प.
नळीतून हवा सुस्कारत होती.
मग फरशीलाच विचारावं तसं त्यानं विचारलं,
"छर्रा लागला का गं?"

"एक."

"मग खाल्लीस खरी," तो म्हणाला,
आणि वर बघितलं.