सत्तेचाळीस नंबर

लॉकलनने पाठवलेल्या कुपीच्या तळाशी
चिमूटभर पांढरी भुकटी.
झाकणावर त्याचं किरटं अक्षर: ४७, दोरी सहा कार्बनची.

दोन हात आहेत या रेणूला. मधे दोरी.
एका हाताने तो वाढीला चटावलेल्या प्रथिनाचा दंड धरतो,
दुसऱ्याने पेशीच्याच सफाईवाल्याची बाही.
मारत कुणालाच नाही.
दोघांना समोरासमोर उभं करतो फक्त.
मग सफाईवाला शिक्के मारत सुटतो, एकावर एक,
आणि शिक्के बसलेलं प्रथिन तुकडे होऊन पिंपात.
रेणू मोकळा. पुढच्या दाराशी.

४५ची दोरी तोकडी पडली होती.
४६ची लोंबत राहिली.
आई इथल्याच, डंडीच्या ताग गिरणीत
तुटले धागे सांधायची.
ओढून बांधलंस तर मागावर पुन्हा तुटतो, म्हणायची.
म्हणायची म्हणजे बोटांनी.
यंत्रांच्या खडखडाटात तिशीतच कान गेले तिचे,
घरातही आम्ही ओठ वाचायचो.

रविवारी पेशींना खायला घालायला येते मी.
जुनं गुलाबी पाणी काढायचं, ताजं घालायचं.
या पेशी एका बाईच्या. बाई कधीच गेली.
फायलीत नाव नाही. वय त्रेपन्न, डावा स्तन.
तिचं एवढंच उरलंय
आणि नेमकं तेच मरायचं नाव घेत नाही.

शुक्रवारी रात्री फिल्म धुतली.
औषध न दिलेल्या रकान्यात जाड काळी रेघ.
दुसऱ्यात फिकी.
तिसऱ्यात

काही नाही.

खालची तुलनेची रेघ सगळीकडे सारखी,
म्हणजे माझा हात चुकला नव्हता.
इतकं टक लावून
मी कधी काही-नाही पाहिलं नव्हतं.

लॉकलन फोनवर म्हणाला, पुन्हा कर.
केलं. मग डोस दसपट करून पाहिला,
तर रेघ परत!
रेणूंचीच एवढी गर्दी
की कुणी नुसता दंड धरून उभा,
कुणी नुसती बाही.
गाठ कुणाचीच पडेना,
म्हणून गाठ जाईना.

घरी आईला सांगितलं, दिव्याखाली, सावकाश ओठ हलवत.
कमीच पुरतं, हे तिला लगेच पटलं.
मग बोटांनी विचारलं:
ती बाई बरी झाली का?

मी म्हटलं, लॉकलन ४८ करतोय.
पाच कार्बनची.