हरवले-सापडले

पांझरेकाठच्या नाट्यगृहात मी पडदा ओढतो
आणि कार्यक्रम उठला की
बॅटरी घेऊन खुर्च्यांखाली वाकतो.

बालनाट्यातली पुठ्ठ्याची मिशी मिळाली, अजून डिंकाने ओली.
शिरपूरकडच्या पावरा पोरांच्या कमरेचं घुंगरू.
कवी संमेलनातले दोन चष्मे
(श्रोते सतरा होते, कवी एकवीस).
शुक्रवारी ऐन खुनाच्या वेळी वीज गेली;
आली तेव्हा मयत उठून
पुठ्ठ्याने वारा घेत बसलेलं.
त्या रात्री काही सापडलं नाही,
लोक हसत हसत सगळं घेऊन गेले.

लॉबीत चित्रं होती. अभिप्रायाच्या वहीत कुणीसं लिहिलंय:
‘तिसऱ्या चित्रातली विहीर आमच्या नेरची वाटते.
पाणी मात्र जास्त दाखवलं.’

आणि एक चप्पल.
डाव्या पायाची, कव्वालीच्या रात्रीची.

आज दुपारी गुलाब मन्सुरी आले,
पिशवीत उजवी घेऊन.
‘साक्रीले उतरनू, तवय ध्यानमा उनं भो.’
म्हणजे तासाभराच्या एस्टीत
एक पाय उघडा, आणि पत्ताच नाही!

मला पडद्यामागे नीट ऐकू येत नाही कधी,
कूलरच घरघरतो कानाशी.
विचारलं, कुठली कव्वाली हो, चाचा?
शब्द आठवेनात त्यांना.
ओठ हलले, थांबले,
मग त्या दोन चपला काखेत धरून
त्यांनी टाळी धरली,
ठेका बरोबर.

वहीत नोंद केली: चप्पल, परत.

मिशीला अजून कुणी आलेलं नाही.