उशाकडची बाजू

सगळे आधी रुंदी विचारतात.
मी म्हणते, आधी कपाटाचं दार.
ते वीतभर उघडतं आणि पलंगाला धडकतं,
नऊ वर्षं झाली, मी स्वेटर
तिरकी होऊन काढते.

हेरिबेर्तोला उंच पाठ हवी.
दिवसभर गोदीत जहाजांच्या पोटाखाली वाकून
वेल्डिंग करणारा माणूस,
रात्री त्याला कशाला तरी टेकून
अर्धा तास बसायचं असतं, एवढंच.
मासिकातलं पान फाडून खिशात ठेवलंय त्याने:
अक्रोडी रंग, कोरीव वेल, वर रुंद फळी,
फळीवर दिवा, पुस्तकं, पाण्याचा पेला.
ज्यांची जमीन कधी हलली नाही
अशांचा पलंग.

इथे ताल्काउआनोत
उशावर काही ठेवत नाहीत.
हे आम्हाला पाठ होतं, आणि तरीही
लग्नात आलेलं घड्याळ आम्ही तिथेच टांगलं होतं.
त्या पहाटे ते खिळ्यासकट सुटलं
आणि रायेनच्या उशीत रुतलं,
बरोब्बर मध्ये.
उशीवर रायेन नव्हती.
वाईट स्वप्न पडलं म्हणून सरकत सरकत
ती आम्हा दोघांच्या मध्ये आली होती,
आणि पाय किती गार आहेत तुझे, म्हणून
मी तिला नुकतीच रागावले होते.

घड्याळाबद्दल आम्ही बोलत नाही.
हेरिबेर्तो म्हणतो, फळीला चांगले बोल्ट मारू.
मी म्हणते, बघू.

लिसान्द्रोच्या वखारीत राउलीच्या लाकडाचा
लालसर भुसा, त्याच्या भुवयांवरसुद्धा.
"किती माणसं झोपणार?"
"दोन," हेरिबेर्तो.
"चार," मी.
आमारोने मांजर धरून पाच केली.
म्हाताऱ्याने कानावरची पेन्सिल काढली,
पाच लिहिलं, खाली रेघ मारली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे,
पण आमच्याकडे पायच आधी मोजावे लागतात
आणि त्यातले चार अजून वाढताहेत.
एक मीटर साठ घेतला तर आमारो काठावर.
एक ऐंशी घेतला तर खिडकीकडून दारापर्यंत
आडवं होऊन जावं लागतं.
आडवं होऊन पळता येत नाही.
कुणी हे मोठ्याने म्हणालं नाही.
लिसान्द्रो टेप आत जाऊ देत म्हणाला,
"मग कपाट काढा."

एवढं सोपं होतं.
नऊ वर्षं.

मग त्याने हेरिबेर्तोला खोक्यावर बसवलं,
पाठ भिंतीला टेकवून,
आणि मानेचा मणका जिथे संपतो
तिथे भिंतीवर खूण केली.
"इथपर्यंत. याच्या वर गेलेलं लाकूड
लोकांना दाखवायला असतं."
कोपरे गोल. पाठ पलंगाच्याच खुरांना जोडलेली,
भिंतीला नाही; भिंत हलली तर भिंत हलेल.
मधे लोकर भरलेलं जाड कापड,
रंग कुठलाही, रायेनने मोहरी निवडला.
"आणि दिवा?" हेरिबेर्तोने विचारलं.
"जमिनीवर."
तो परत येताना बसमध्ये गप्प होता.
पान मात्र टाकलं नाही त्याने,
चार घड्या करून पाकिटात, पोरांच्या फोटोंमागे.

पलंग बुधवारी आला.
दाराच्या चौकटीत अडकला, शिव्या खाल्ल्या, शिरला.
खाली आठ बूट, नाकं दाराकडे,
एक टॉर्च, एक पाण्याची बाटली.
स्वेटर आता दारामागच्या खुंट्यांवर,
मी सरळ उभी राहून काढते.

शनिवारी रात्री बारीकसा हलला.
स्वयंपाकघरात चमचे एकमेकांशी बोलले,
नव्या लाकडाने एकदा कर्र केलं.
हेरिबेर्तोचा हात झोपेतच उठला,
नेहमीसारखा, माझ्या डोक्यावर,
पडणारं काहीतरी झेलायला.
तिथे काही नव्हतं.
हात थोडा वेळ तसाच, हवेत,
मग खाली आला, मांजरावर,
आणि मांजर त्याला कडकडून चावलं.