आत्याची काठी

पाणीगेटच्या यासीनभाईनं डिकीतून
हेरल्डची टाकी उपसून काढली,
हलवली. आत खपल्या वाजल्या.
"बेन, आ तो गई."

नवी त्यानंच ठोकून दिली,
चार बोटं बुटकी, पसरट.
काटासुद्धा हलायला लागला,
एकाहत्तरपासून मेलेला.

मग काठी कशाला?
वेताची, चाकूनं खाचा पाडलेली:
तळाशी डभोई, वर भरूच, मग सुरत.
ती बुडवून आत्या ठरवायची
आज कुठवर जायचं.
सगळ्यात वरची खाच इंदूर.
तिथं कोण होतं,
विचारायची सोय नव्हती.

काल टाकी गळ्यापर्यंत भरली,
उगाच काठी सोडून पाहिली.
सुरत भिजली.
इंदूर तोंडाबाहेर,
कोरडं.