पिलबाग

जळगावला तीन दिवस शिबिर होतं,
संस्थाचालकांसाठी. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी,
ज्यांच्या पर्सला चेकबुकाचा आकार आलाय.

सभागृहात कूलर घरघरत होता
आणि मे महिना त्याला जुमानत नव्हता.
शिकवायला मृण्मयी, माझ्या मुलीहून लहान,
हातात चार रंगांचे मार्कर.
म्हणाली, एक वर्तुळ काढा, मधोमध संस्था लिहा,
भोवती माणसं.
मी संस्था लिहिलं
आणि घाईघाईत खाली माझंच नाव.
तिनं पाहिलं. काही बोलली नाही.
पुढच्या टेबलाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं एक खुर्ची रिकामी ठेवली.
ही तुमची. तुम्ही सहा महिने नाही आहात.
पाळणाघर कोण उघडतं?
चोपड्याचे एक सर म्हणाले, कोण उघडणार, बंदच!
सगळे हसले.
कपाटाची किल्ली माझ्या कमरेला,
रजिस्टर माझ्या अक्षरात, बँकेत सही माझी,
निंभोऱ्याच्या अठ्ठावीस पोरांपैकी
शेंगदाणे कुणाला बाधतात
तेसुद्धा माझ्याच डोक्यात.
एकोणीस वर्षं मी याला काम म्हणत आले.

परतीच्या एसटीत फाइल मांडीवर.
भुसावळ गेलं, फैजपूर गेलं,
दोन्हीकडे केळी, वाऱ्यानं पानं चिरलेली.
फाइलीत लोकसहभाग होता, क्षमताबांधणी होती,
उत्तराधिकार तर ठळक अक्षरात.
सावद्यापर्यंत एकेक शब्द तोंडात घोळवला.
आवळ्यासारखा, आधी नुसता तुरट.

सोमवारी हुरमत तडवीसमोर चार्टपेपर उलगडला.
बारा वर्षं ती आमच्याकडे खिचडी शिजवते.
"हे कायले ओ ताई?"
मी सांगत गेले. ती मेथी निवडत राहिली.
मग काड्या बाजूला सारून म्हणाली,
"बागातले सगळेच पिलं कापले
त पिलबाग कशी येईन?
एक त ठेवाच लागते.
एवढं शिकाले तुम्ही जळगावले गेल्या?"

किल्ली दिली.
माझी बैठक अकराला असायची, समाजमंदिरात,
सतरंजी, उदबत्ती, बाया सात. कधी पाच.
तिनं घेतली पहाटे पाचला, फाट्यावर,
जिथं कापणीची टोळी ट्रकची वाट बघते.
बावन्न माणसं. त्यात पुरुषही.
कुणी बिडी विझवली नाही,
कुणी मला नमस्कार केला नाही.
विषय एकच निघाला:
पाळणाघर साडेचारला उघडा,
नऊला उघडून आमच्या काय कामाचं?

नऊ ही माझी वेळ होती.
घरचा डबा, गॅस, कुलूप, मग मी.
एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नाही
कारण मी विचारलंच नाही.
विचारलं असं मला वाटायचं. ते वेगळं.

हजेरीचा कागद फिरून आला,
सह्या थोड्या, अंगठे फार,
कडेला केळीच्या चिकाचे डाग,
जे लुगड्यावरून मरेपर्यंत जात नाहीत.
निधीवाल्यांना पाठवायला मी स्वच्छ प्रत काढायला बसले.
हुरमतनं कागद माझ्या हातातून घेतला,
घडी घातली, पाकिटात सारला.

महिन्यातून एकदा मृण्मयी फोन करते, रात्री नऊनंतर.
यालाही त्यांच्याकडे एक शब्द आहे, पाठपुरावा का काहीतरी.
"कसं वाटतंय?"
म्हटलं, कंबर हलकी झाली.
हात कुठं ठेवायचे ते कळत नाही.
"होतं असं. थोडे दिवस नुसत्या बसा."

बसते.
साडेचारला जाग येते, फाट्याकडून ट्रकचा आवाज,
मग पोरांचा. मी उठत नाही.
एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही,
हुरमतलाही नाही.
दुसरी किल्ली अजून तुरीच्या डब्यात आहे.
डाळ काढताना बोटांना लागते.
मी ती खाली सरकवते
आणि वाटीभर घेऊन
झाकण लावते.