दुभाषी विनंती करते

याकिमा काउंटीचं कोर्ट, खोली क्रमांक चार.
बाहेर सफरचंदांचे ट्रक, आत हीटरची घरघर,
माझ्या पुढ्यात पाण्याचा कागदी पेला.

इथे मी ‘मी’ म्हणाले तर ती मी नसते.
‘मी त्याला कधी हात लावला नाही’, हे आईचं.
‘मी गाडी थांबवली’, हे पोलिसाचं.
सकाळपासून तीनदा शपथ घेतली,
एकदा बहुतेक खोटंही बोलले,
त्यातलं माझं काहीच नाही.
स्वतःचं काही बोलायचं असेल
तर स्वतःलाच परकं करावं लागतं:
दुभाषी विनंती करते.

सरकारी वकील पडद्यावर मेसेज दाखवतो.
एफ्राइनच्या फोनवरून, शुक्रवार, रात्रीचे अकरा बारा.
‘डोप ट्रकमध्ये आहे. सांभाळून ने.’
मग आईकडे वळून,
हा शब्द तुमच्या घरात कशासाठी वापरतात?

द्रोगा म्हणावं तर पोरगा गेला बाराच्या भावात.
पाद्रे म्हणावं, तिच्याकडे झकास गोष्टीला बापच म्हणतात,
तर आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला बाप
असा ट्रकमध्ये बसून परत यायचा.
मेन्सो म्हणावं, म्हणजे येडा,
तर मीच त्याची वकील झाले.

तेवढ्यात डोक्यात माझी भाषा घुसते, न बोलावता,
मिरजेच्या कॉलेजच्या कट्ट्यावरून: माल.
माल म्हणजे पोती, माल म्हणजे पैसा, माल म्हणजे पुडी,
माल म्हणजे आम्ही, जिना उतरताना.
त्या एका शब्दाखालून मी सटकले असते.
स्पॅनिशमध्ये तशी फट असेलही.
मला पंचवीस वर्षांत सापडली नाही.

दुभाषी विनंती करते, मी म्हणाले,
या शब्दाला तीन अर्थ आहेत,
त्यातला कोणता, ते कोर्टाने सांगावं.
जज लिंडक्विस्ट चष्मा काढून पुसत राहिल्या.
वकील म्हणाला, साधा शब्द आहे, मॅडम.

साधा.

शेवटी जजच्या परवानगीने
मी तो तसाच तिच्यापुढे ठेवला,
न सोलता, न चिरता.
डोप.

एपिफानिया आधी काही पुटपुटली.
ते स्पॅनिश नव्हतं. तिच्या डोंगरातली मिश्तेक.
स्पॅनिश तीही शिकलेली, माझ्यासारखीच,
फक्त बागेतल्या शिडीवर, मुकादमाच्या शिव्यांसकट.
त्या पुटपुटण्यासाठी कोर्टाने कुणाला नेमलं नव्हतं.
मग ती हसली. कोर्टात असं कुणी हसत नाही.
मागच्या बाकाकडे बोट केलं:
तिथे नऊ वर्षांचा इसायास,
मांडीवर बूट घेऊन लेसची गाठ सोडवणारा,
कान लालबुंद.
‘हा. ह्याला म्हणतो तो. हा ट्रकमध्ये झोपतो.’

मी इंग्रजीत म्हणाले, हा. ह्याला म्हणतो तो.
बोट मात्र हलवलं नाही.
बोटांचं भाषांतर आमच्या नियमात बसत नाही.

आणि ‘सांभाळून ने’?
‘झोपमोड झाली की चावतो.’
तेही मी सांगितलं, तोंडावरची रेघ न हलवता.

निकाल मला कळत नाही.
पंधरा-पंधरा मिनिटांचा माझा हिशोब,
आणि पुढची केस सात नंबरच्या खोलीत.
खरं होतं का? एका पोरावरचा शब्द
आई दुसऱ्या पोरावर ढकलू शकते.
मीही ढकलला असता, आणि कदाचित इतका छान नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये, इंजिन सुरू न करता,
तिचं ते पुटपुटणं मी तोंडात धरून पाहिलं.
अर्थ ठाऊक नाही. सुरुवातीला एक अडलेला श्वास आहे,
तेवढा जमला.
शेवटी तिचा आवाज वर गेला होता,
माझा खालीच राहिला.
काचेवर वाफ धरली, पुसली,
पुन्हा म्हणून पाहिला.