जड बाजू

ओमालोची म्झेकाला टकळ्या टाकून देत नाही.
टोक मोडलेली एक मिरचीच्या रोपाला टेकू.
एक तिच्याच अंबाड्यात खोचलेली,
ती घरभर शोधते, आम्ही सांगत नाही.
दोन झाल्या नातवाच्या गाडीचे आस,
चकत्या चाकं. उतारावर कोंबड्या पळतात.

बर्चची एक होती, उतुर्गाने कोरलेली,
मेंढ्यांमागे, चाकूने, घाईत.
चकती एका अंगाला जड,
फिरताना लंगडायची.
सुतात दर वितीला एक जाड गुठळी.
चाळीस हिवाळे गाव मोजे बघून म्हणे,
उतुर्गाच्या घरचे.

खिंड बंद झाली त्याच आठवड्यात तो गेला.
टकळी तिने त्याच्या हाताशी ठेवली.

मुलीने त्बिलिसीहून नवी धाडली,
यंत्रावर कातलेली, तोलात अचूक.
सूत निघालं केसासारखं, एकसारखं.
म्झेकालाने ते उजेडात धरलं,
बोटांवरून ओढून पाहिलं,
कुठेच काही लागेना.

मग उठली. मेणबत्तीचं बूड खरवडलं,
मेणाची गोळी चकतीच्या कडेला
अंगठ्याने दाबली.
लोकरीला पीळ देऊन टकळी सोडली.

किंचित लंगडली.

"अजून थोडं," म्हणाली,
आणि पुन्हा मेण खरवडू लागली.